जपून ठेवण्याच्या सवयीवर उतारा: 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे की, त्याला गेममध्ये मिळालेली दुर्मिळ वस्तू वापरवत नाही. 'फायनल फॅन्टसी' मालिकेत शरीरबळ आणि जादू दोन्ही एका घोटात भरून देणारे एलिक्झर मिळते. ते 'पुढे मोठा बॉस (टप्प्याच्या शेवटचा बलाढ्य शत्रू) येईल तेव्हा' म्हणून राखले जाते, आणि शेवटचा बॉस पडून श्रेयनामावली सरकू लागते तेव्हाही सगळ्या बाटल्या भरलेल्याच असतात. 'पोकेमॉन'मधला, प्राणी पकडण्याचा मास्टर बॉल कधीच चुकत नाही आणि सहसा एकच मिळतो, म्हणून तो कित्येकांच्या पिशवीतून कधी बाहेर आलेलाच नाही. निन्टेन्डोने ३ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या गेमच्या निसर्गचित्रणाविषयी, संगीताविषयी आणि कथेविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातील सर्वोत्तम गेमचा मानही त्याला मिळाला. प्रस्तुत परीक्षण मात्र एकाच प्रश्नापुरते आहे: वस्तू जपून ठेवणाऱ्या माणसाने हा गेम घ्यावा काय, आणि घेतला तर त्याच्या सवयीचे काय होते?

दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि निर्माते एइजी आओनुमा यांनी या गेममध्ये एक धाडसी नियम केला आहे. शंभर वर्षांच्या झोपेतून उठलेला नायक लिंक याच्या हाती येणारे जवळजवळ प्रत्येक शस्त्र वापराने मोडते. झाडाची फांदी चार-पाच घावांत तुटते, साधी तलवार वीसेक घाव सोसते आणि राजवाड्यात मिळणारी उत्तम तलवारही त्याहून फार काळ टिकत नाही. शस्त्राचे किती आयुष्य उरले आहे हे आकड्यात कुठेच दाखवलेले नाही. नवे शस्त्र असेल तर त्याच्या चित्रावर एक चमक दिसते, ती पहिल्या घावानंतर जाते. आणि मोडायच्या बेताला आले की पडद्यावर तशी सूचना येते. जपणाऱ्याला ही चमक फार प्रिय असते. ती टिकावी म्हणून चांगली तलवार म्यानात ठेवून गंजक्या काठीने लढणारे खेळाडू मी पाहिले आहेत आणि त्यांचा हिशेब मला अगदीच अनाकलनीय वाटत नाही.

तो हिशेब समजायला सांगलीकराला लांब जावे लागत नाही. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदलेली असत. हवा न लागल्यामुळे पेवातल्या हळदीला कीड लागत नसे, माल वर्षानुवर्षे टिकत असे, आणि मालकाला योग्य भावाची वाट पाहता येत असे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली पुष्कळ पेवे गेली, ही गोष्ट वेगळी; पण साठवण्यामागचा विचार चुकीचा नव्हता, कारण मार्केट यार्डात रोज सौदे निघत होते आणि भाव वर गेला की पेव उघडायचे, हे ठरलेले होते. गेममधल्या साठवणुकीत नेमका हाच भाग नसतो. एलिक्झरचा आजचा भाव काय आणि उद्याचा काय, पुढे किती लढाया उरल्या आहेत, यापेक्षा कठीण शत्रू आहे की हाच शेवटचा, हे खेळाडूला कोणी सांगत नाही. भाव कळण्याची सोयच नसेल तर पेव उघडायचा दिवस ठरवणार कसा? म्हणून दोष सगळा खेळाडूच्या स्वभावाचा नाही, रचनाकारांचाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने या अडचणीवर शोधलेला उपाय शिक्षेचा वाटतो, पण तो प्रत्यक्षात पुरवठ्याचा आहे. शस्त्र मोडते हे खरे. परंतु ज्या शत्रूवर ते मोडले त्याच्या हातातले शस्त्र तिथेच पडते, आणि पुष्कळदा ते मोडलेल्या शस्त्राच्या तोडीचे किंवा सरस असते. खेळाडूची ताकद वाढते तसे शत्रूही वरच्या दर्जाचे होत जातात आणि त्यांच्या हातांतली हत्यारेही. शिवाय ठरावीक काळाने 'ब्लड मून' म्हणजे रक्तवर्णी चंद्राची रात्र येते आणि मारलेले शत्रू आपापल्या जागी आपापल्या शस्त्रांसह पुन्हा उभे राहतात. अर्ध्या घोड्याच्या, अर्ध्या सिंहाच्या धाटणीचा लायनेल नावाचा राक्षस या गेममधला सर्वांत अवघड फिरता शत्रू आहे. त्याचे शस्त्र एकदा मिळाले की ते जन्मभर पुरवायचे असे सुरुवातीला वाटते, आणि पुढच्या रक्तचंद्रानंतर तोच लायनेल त्याच टेकडीवर तसेच शस्त्र घेऊन फिरताना दिसला की त्या वाटण्यातला जोर ओसरतो. याच्या जोडीला एक लहानशी पण फार हुशार तरतूद आहे: शस्त्राचा शेवटचा, म्हणजे ज्याने ते मोडते तो घाव दुप्पट इजा करतो. मोडायला आलेली तलवार शत्रूच्या अंगावर फेकून मारली तरी तेच. खर्च करण्याच्या क्षणालाच बक्षीस जोडल्यामुळे, तलवार मोडल्याची हळहळ आणि घाव बसल्याचा आनंद एकाच वेळी होतो, आणि हळूहळू दुसऱ्याचे पारडे जड होऊ लागते.

आता लिंकच्या पिशवीतल्या रकान्यांविषयी. आरंभी शस्त्रांसाठी आठच रकाने असतात. पिशवी भरलेली असताना पेटी उघडली तर लिंक आतले शस्त्र बघून पुन्हा पेटीत ठेवून देतो, मग आपल्याकडचे काहीतरी टाकायचे किंवा तसेच पुढे जायचे. रकाने वाढवायचे तर रानावनात लपलेल्या कोरोक नावाच्या चिमुकल्या जीवांकडून बिया मिळवून हेस्टू या झाडासारख्या दिसणाऱ्या पात्राला द्याव्या लागतात. एकूण बिया ९०० आहेत. सगळे रकाने उघडायला मात्र ४४१ पुरतात. उरलेल्या कशासाठी, असे विचारणाऱ्या आणि तरीही जिद्दीने त्या गोळा करणाऱ्या खेळाडूला शेवटी हेस्टू जी भेट देतो ती सोनेरी रंगाची, शेणाच्या गोळ्यासारख्या आकाराची आणि पूर्णपणे निरुपयोगी वस्तू आहे. संग्राहकाची इतकी मनमोकळी चेष्टा इतक्या मोठ्या गेममध्ये माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

चेष्टा केली तरी त्यांनी साठवणाऱ्याचा अपमान केलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. हातेनो गावात लिंकला एक जुने घर विकत घेता येते आणि त्याच्या भिंतींवर तीन शस्त्रे, तीन धनुष्ये व तीन ढाली टांगण्याची सोय करून घेता येते. ज्याला काही वस्तू केवळ बघण्यासाठी ठेवायच्या आहेत, त्याला ठेवू द्यावे. पण भिंत लहान ठेवावी, असा हा समंजस तोडगा आहे. नऊ वस्तू निवडताना जो विचार करावा लागतो तो मला अनेक लढायांपेक्षा अधिक रंजक वाटला.

आणखी एक युक्ती अधिक सरळ आहे. चार दिव्य पशूंना, म्हणजे शत्रूच्या ताब्यात गेलेल्या पशूंच्या आकाराच्या प्रचंड यंत्रांना, मुक्त केल्यावर मिळणाऱ्या शक्ती साठवताच येत नाहीत. मिफाची कृपा मृत्यूच्या क्षणी आपोआप वापरली जाते आणि २४ मिनिटांनी परत येते. लिंकला हवेत उंच उचलणारा रेव्हालीचा वारा सहा मिनिटांत पुन्हा तयार होतो. मास्टर सॉर्ड ही तलवारही मोडत नाही, फक्त दमते, आणि दहा मिनिटांत पुन्हा हाती येते. ती उपसण्यासाठी मात्र तेरा हृदयांइतके आयुष्य कमावलेले असावे लागते. जी गोष्ट परत येणार हे नक्की आहे ती वापरताना अगदी चिवट साठवणाऱ्याचाही हात अडखळत नाही. बाटलीत धरून ठेवल्यासारख्या बाळगता येणाऱ्या पऱ्यांचे तेच: जीव गेला की परी आपणहून कामाला येते, 'आता वापरू की नंतर' हा प्रश्न खेळाडूपुढे ठेवतच नाही.

इतके सगळे जमल्यावर रचनाकारांचा हात एका ठिकाणी ढिला पडला आहे, आणि ती जागा बाणांची व औषधांची आहे. 'एन्शन्ट ॲरो' हा बाण गार्डियन या यंत्रराक्षसाच्या डोळ्यात बसला तर एका फटक्यात त्याचा निकाल लावतो. तो अक्काला प्रांतातल्या प्रयोगशाळेत 'रुपी' हे गेममधले चलन आणि गार्डियनचे सुटे भाग देऊन घडवून घ्यावा लागतो, म्हणजे महाग पडतो. आणि हाच बाण साध्या शत्रूवर वापरला तर शत्रू नाहीसा होतो खरा, पण त्याच्याबरोबर त्याच्याकडचे सामानही नाहीसे होते. लायनेलवर तो वापरणे म्हणजे लायनेलच्या शस्त्रांवर पाणी सोडणे. अशा रीतीने वापरण्याला दुहेरी दंड बसल्यामुळे हे बाण पिशवीत पडून राहतात. आमच्या घरी सुट्टीला मिरजेहून येणारा भाचा शेजारी बसून खेळ पाहतो. तलवारी मोडल्या तर तो टाळ्या वाजवतो, पण या बाणावर बोट गेले की त्याचा सूर बदलतो. "मामा, तो बाण आता नको, पुढं लागंल!" पुढे म्हणजे कधी, हे त्यालाही सांगता येत नाही. शिजवलेल्या पदार्थांचे रकाने साठ असल्यामुळे तिथेही हीच गत होते: ड्युरियन फळे शिजवून केलेले, सगळे आयुष्य भरून वर जास्तीची हृदये देणारे पदार्थ रांगेने साचत जातात आणि खेळाडू वाटेत सापडलेली सफरचंदे खात राहतो.

या आजारावरचा सर्वांत कडक डोस मुख्य रस्त्यापासून दूर, नकाशाच्या आग्नेय कोपऱ्यात समुद्रातल्या इव्हनटाइड बेटावर ठेवलेला आहे. बेटावर पाय ठेवताच लिंकची सगळी शस्त्रे, कपडे, खाणे, औषधे काढून घेतली जातात. समोर तीन गोळे योग्य जागी नेऊन ठेवण्याचे काम असते आणि हाती काहीही नसते. फांदी उचलावी लागते, शत्रूची झोप लागेपर्यंत दबा धरावा लागतो, त्याचाच भाला घेऊन त्याच्या सोबत्यांशी लढावे लागते, वादळ आले की धातूचे शस्त्र टाकून द्यावे लागते. मी या गेममधला सर्वोत्तम तास कोणता असे विचारले तर निःशंकपणे हाच सांगेन. काम पूर्ण झाल्यावर सगळी मालमत्ता परत मिळते. मात्र तिच्यावाचून आपले काही अडले नाही, हे खेळाडूने नुकतेच स्वतःच्या हातांनी सिद्ध केलेले असते. २०१७ मध्येच आलेल्या जोड-आवृत्तीत 'ट्रायल ऑफ द सॉर्ड' नावाची परीक्षा याच कल्पनेवर उभी आहे, पण ती लांबण लागते आणि बेटावरचा मोकळेपणा तिच्यात नाही.

शेवटच्या लढाईबाबत एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, आणि ती सांगितल्याने कथेची मजा जात नाही. गॅनन या मुख्य खलनायकाला हरवल्यानंतर गेम पुढे सरकत नाही. तो लढाईच्या आधी जिथे जतन झाला होता तिथेच पुन्हा उघडतो, फक्त जतन केलेल्या नोंदीवर एक तारा उमटतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, अखेरच्या लढाईत जे बाण, जी औषधे आणि ज्या तलवारी खर्ची पडतात त्या सगळ्या परत पिशवीत असतात. निदान तिथे तरी काही राखून ठेवण्याचे कारण उरत नाही. हे गेमने आधी स्पष्ट सांगितले असते तर बरे झाले असते.

१२ मे २०२३ रोजी आलेल्या 'टिअर्स ऑफ द किंगडम' या पुढच्या भागाने उरलेल्या आजारावर काही प्रमाणात इलाज केला आहे. त्यात शत्रूंची शिंगे, दात, दगड अशा साठवलेल्या वस्तू शस्त्राला किंवा बाणाला जोडता येतात, त्यामुळे पिशवीतला अडगळीचा ढीग कामाला लागतो. तरीही ज्याने पहिला भाग खेळलेला नाही त्याने दुसऱ्यापासून सुरुवात करू नये, असे मी सांगेन, कारण दुसऱ्या भागात शक्यता इतक्या आहेत की साठवणारा माणूस पुन्हा याद्याच करत बसतो.

खरेदीविषयी थोडे. हा गेम ज्यावर चालतो ते निन्टेन्डोचे स्विच यंत्र सांगलीतल्या दुकानांत सहसा मांडलेले दिसत नाही, बहुतेक जण ते बाहेरून मागवतात. तेव्हा पावती आणि दुरुस्तीची हमी कोण देणार हे आधी विचारून घ्यावे. गेम डाउनलोड करून घेण्यापेक्षा कार्ट्रिज (गेम भरलेले, यंत्रात घालायचे छोटे कार्ड) घेणे मला सोयीचे वाटते, कारण निन्टेन्डो आपल्या गेमच्या किमती सहसा फारशा उतरवत नाही आणि वापरलेले कार्ट्रिजही बऱ्या किमतीला जाते. खेळाची नोंद कार्ट्रिजमध्ये नव्हे तर यंत्रात राहते, म्हणून मित्राचे कार्ट्रिज उसने आणून खेळले आणि परत केले तरी आपली प्रगती आपल्याकडेच असते. पहिल्या स्विचवर गेम सेकंदाला तीस चित्रे या गतीने चालतो आणि कोरोकांच्या जंगलात तो अडखळतो. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी सुधारित आवृत्ती आहे, तीत चित्र स्वच्छ आणि चाल गुळगुळीत आहे, पण एवढ्यासाठी नवे यंत्र घ्यावे असे मी म्हणणार नाही. भाषा इंग्रजी निवडावी लागते, मराठी वा हिंदी नाही; लहान मुलांबरोबर खेळताना वाचून दाखवावे लागते. पावसात डोंगर चढताना लिंकचा पाय वारंवार घसरतो, त्याला इलाज नाही, शेकोटी पेटवून पाऊस थांबायची वाट पाहावी. आणि ज्यांना शस्त्र मोडणे हा स्वतःवरचा अन्यायच वाटतो, दहा-पंधरा तास खेळूनही तो राग शमत नाही, त्यांनी कार्ट्रिज लवकर विकून टाकावे. पहिल्या पठारावरच्या चार देवळांपर्यंत खेळले की आपण त्यांपैकी आहोत का, हे बहुतेकांना कळते.