‘कॅथरीन, कॉल्ड बर्डी’: काजळी, उंदराची हाडं आणि १२९० सालचा नकार

कॅरन कुशमन यांची ही पहिली कादंबरी १९९४ साली आली आणि १९९५ मध्ये तिला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. काळ सप्टेंबर १२९० ते सप्टेंबर १२९१. ठिकाण इंग्लंडमधलं लिंकनशायर. निवेदक आहे एका लहानशा जमीनदार सरदाराची चौदा वर्षांची मुलगी कॅथरीन, लाडाचं नाव बर्डी. बाप तिच्यासाठी स्थळं आणतो, ती एकेक स्थळ पळवून लावते आणि हे सगळं रोजनिशीत लिहिते. मध्ययुगातली लग्नं कशी जुळवली जात, हे किशोरांसाठीच्या पुस्तकात इतक्या बारकाईनं क्वचित वाचायला मिळतं. शेवट मात्र कच्चा आहे. तो का कच्चा आहे हे समजायला त्या काळचा लग्नाचा कायदा थोडा माहीत असावा लागतो.

आधी पुस्तकाची ताकद. एक स्थळ बघायला येणार म्हणून बर्डी पुढच्या दातांना काजळी फासते आणि केसांत उंदराची हाडं खोवते. हाडं येतात कुठून? जमिनीवर अंथरलेल्या लव्हाळ्यांखालून. त्या काळी अशा घरांच्या जमिनीवर लव्हाळी पसरत आणि बरेचदा जुना थर न काढता त्यावरच नवा थर टाकत. खरकटं, कुत्र्यांनी चघळलेले तुकडे, मेलेले उंदीर असं सगळं तळाशी साठत जाई. काजळी तर चुलीपाशी हवी तेवढी. म्हणजे बर्डीची दोन्ही हत्यारं तिच्या पायाखालच्या घरातूनच येतात. विनोद वरून चिकटवलेला नाही, तो त्या घराच्या जमिनीतून उगवलेला आहे. दुसऱ्या एका स्थळाला ती मोलकरीण असल्याचं भासवते आणि ‘आमच्या बाईसाहेबां’बद्दल भलतंसलतं सांगून परत पाठवते. आणखी एक जण संडासात बसलेला असताना ती संडासच पेटवून देते.

या क्लृप्त्या कुणावर चालतात ते नीट पाहा. चालतात त्या फक्त येणाऱ्या पाहुण्यावर. बापावर एकही चालत नाही. दर वेळी पाहुणा जातो, बर्डीला मार बसतो आणि महिन्याभरात नवा पाहुणा दारात उभा राहतो. हा हिशेब लेखिकेनं जवळजवळ पुस्तकभर न चुकता सांभाळला आहे. खट्याळ मुलीच्या गोष्टीत सहसा मुलगी हुशार म्हणून जिंकते. इथे हुशारीनं तिला फक्त मुदत मिळते.

पैशाच्या बाबतीत मात्र वाचकाची फसगत होऊ शकते. ‘बाप मुलीला विकतोय’ असं बर्डीला वाटतं आणि आपल्यालाही तेच पटतं. पण १२९० च्या सुमारास या वर्गात पैसा आणि जमीन मुख्यतः मुलीच्या बापाकडून नवऱ्याकडे जात असे. त्याला मॅरिटॅजियम म्हणत. नवऱ्यानं बायकोला द्यायचा हक्क वेगळा. तो मेला तर त्याच्या जमिनीतला साधारण तिसरा हिस्सा तिला हयातभर मिळे, त्याला डॉवर म्हणत. त्यामुळे हाताशी फारसं नसलेल्या बापाला म्हातारा, दांडगट पण थोडक्यात राजी होणारा जावई का बरा वाटावा, हे उघड आहे. एवढं ध्यानात ठेवून वाचलं की झिपऱ्या दाढीच्या त्या शेवटच्या स्थळामागचा बापाचा हट्ट नुसता दुष्टपणा राहत नाही.

आता कायदा. बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या काळात चर्चनं तत्त्व पक्कं केलं की लग्न दोघांच्या संमतीनं होतं. मुलीचं किमान वय १२, मुलाचं १४. ‘मी तुला नवरा म्हणून स्वीकारते’ हे वर्तमानकाळातलं वाक्य दोघांनी म्हटलं की लग्न लागलं. पाद्री नसला तरी ते बंधनकारक. ‘स्वीकारीन’ असं भविष्यकाळात म्हटलं तर तो वाङ्निश्चय, आणि शरीरसंबंध आला नसेल तर तो मोडता येई. जबरदस्तीनं वदवलेली संमती रद्द होऊ शके, पण खंबीर माणूसही डगमगेल इतकी भीती घातली होती असं सिद्ध करावं लागे. नुसता आईबापांचा राग त्यात बसत नसे. कागदावर मुलीच्या हातात ‘नाही’ होतं. त्या ‘नाही’ची किंमत तिला अंगावर मोजावी लागे.

किती, ते दोन खऱ्या मुलींकडे पाहून कळतं. मार्कयेटची क्रिस्टीना ही बाराव्या शतकाच्या सुरुवातीची, हंटिंग्डनच्या श्रीमंत घरातली. बिशप रानुल्फ फ्लँबार्डनं तिच्यावर हात टाकला, तेव्हा ‘दाराला कडी घालते’ अशी शपथ घेऊन ती उठली आणि तिनं कडी घातली ती बाहेरून. पुढे आईबापांनी बेओर्थरेड नावाच्या तरुणाशी तिचं लग्न ठरवलं आणि रात्री त्याला तिच्या खोलीत सोडलं. पहिल्या वेळी तिनं त्याला समोर बसवून लग्नानंतरही कौमार्य राखणाऱ्या संत सिसिलियाची कथा ऐकवली. पुढच्या खेपेला ती भिंत आणि पडद्याच्या मधे खिळ्याला लोंबकळून लपली. शेवटी पुरुषाच्या वेशात घोड्यावरून पळाली आणि रॉजर नावाच्या एकांतवासी साधूच्या झोपडीलगत एका चिंचोळ्या जागेत सुमारे चार वर्षं दडून राहिली. तिच्या बाजूनं बोलणारा लिंकनचा बिशप बापाचा पैसा मिळताच फिरला, असं तिचं चरित्र सांगतं. बर्डीचं घर याच धर्मप्रांतातलं.

दुसरी एलिझाबेथ पॅस्टन. १४४९ मध्ये स्टीफन स्क्रोप या पन्नाशीच्या विधुराला ती होकार देईना, म्हणून आईनं तिला कोंडून ठेवलं. ईस्टरपासून आठवड्यातून एकदा-दोनदा मार, डोकं दोन-तीन ठिकाणी फुटलेलं, असं तिच्या नात्यातल्या एका बाईनं पत्रात लिहून ठेवलं आहे. स्क्रोपशी तिचं लग्न झालं नाही. कादंबरीतला मार या पत्राच्या शेजारी ठेवला की सौम्य वाटतो. किशोरांच्या पुस्तकात तो तितकाच असावा, हे मला मान्य आहे.

पुस्तक घसरतं ते इथे. झिपऱ्या दाढीवाल्यानं पाठवलेली चांदी बर्डी एका अस्वलाला वाचवण्यासाठी खर्च करते, आणि भेट वापरली म्हणजे आपण अडकलो असं धरून चालते. भावना अगदी खरी आहे, चौदाव्या वर्षी अशीच वाटेल. पण कायद्याच्या दृष्टीनं भेट घेणं म्हणजे फार तर वाङ्निश्चयाचा पुरावा, लग्न नव्हे. मठात राहणारा, तिला लिहायला शिकवणारा भाऊ एडवर्ड हे तिला दोन वाक्यांत सांगू शकला असता. कायद्यातल्या ‘नाही’चा असा वापर झाला असता तर गोष्ट अवघड झाली असती आणि खोलही. त्याऐवजी तो म्हातारा भांडणात मारला जातो आणि जागा त्याच्या बऱ्या मुलाला मिळते. इतकी पानं मुदतीसाठी झगडलेल्या मुलीला शेवटी नशीब सोडवतं, हे मनाला लागतं.

एथेलफ्रिथाकडे मात्र जरूर लक्ष द्या. बर्डीच्या मामाशी लग्न करणारी ही श्रीमंत विधवा वीज पडल्यापासून जरा तऱ्हेवाईक झाली आहे. वाचक तिला हसून पुढे जातात. पण मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाच्या १२१५ सालच्या सनदेत विधवेला पुन्हा लग्नाची सक्ती करू नये असं कलम आहे. हातात जमीन आणि वर कुणी बाप नाही, म्हणून पुस्तकात स्वतःच्या मर्जीनं नवरा निवडू शकणारी बाई ती आहे.

एका प्रसंगात कालविपर्यासही आहे. १८ जुलै १२९० च्या आज्ञेनं पहिल्या एडवर्डनं ज्यूंना १ नोव्हेंबरपर्यंत इंग्लंड सोडायला सांगितलं. अशा निघालेल्या काही जणांना बर्डीच्या घरी रात्रीपुरता आसरा मिळतो आणि एक वृद्धा तिला सांगते की परलोकात ‘तू दुसरं कुणी का नव्हतीस’ असं नाही, ‘तू कॅथरीन का नव्हतीस’ असं विचारतील. हे ज्यूंच्या हॅसिडिक पंथातले गुरू झुशा यांच्या नावावर सांगितलं जाणारं वचन आहे, म्हणजे अठराव्या शतकातलं. तरी पुस्तकातलं माझ्या सगळ्यात आवडीचं पान हेच.

वाचायला बसताना दोन गोष्टी. रोजनिशीच्या नोंदींना बहुतेक तारखेसोबत त्या दिवसाचा संत असतो, तो कसा मेला यासकट. सुरुवातीला कथानक पुढे सरकत नाही असं वाटून अनेक जण इथेच पुस्तक ठेवून देतात. मायकेलमस २९ सप्टेंबर, मार्टिनमस ११ नोव्हेंबर, कँडलमस २ फेब्रुवारी एवढे तीन सण लक्षात ठेवले तर हिशेब, कत्तलीची जनावरं, मेणबत्त्या हे सगळं जागच्या जागी बसतं. इंग्रजी सोपं आहे, फक्त शपथा चमत्कारिक. बर्डी स्वतःसाठी ‘देवाचे अंगठे’ ही शपथ निवडते. मार, आजार, बाळंतपण हे स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे बारा वर्षांखालच्या मुलांना एकट्यानं वाचायला देऊ नये.

लीना डनम यांनी २०२२ मध्ये यावर चित्रपट केला. बर्डी झाली आहे बेला रॅमझी, बाप अँड्र्यू स्कॉट. रॅमझीचा चेहरा या भूमिकेला चपखल आहे. शेवट बदलला आहे. इथे बाप स्वतः तलवार घेऊन म्हाताऱ्याशी द्वंद्व करतो आणि मुलीला परत आणतो. नशिबाच्या जागी बापाचं मन आलं. सुटकेचा निर्णय तरीही बर्डीच्या हातात आलेला नाहीच. म्हणून आधी पुस्तक वाचावं, त्यातही शेवटी लेखिकेची टीप असलेली आवृत्ती घ्यावी. त्या काळातलं घर, खाणं, आंघोळी यांबद्दल तिनं तिथे सरळ सांगितलं आहे, आणि पहिली पानं जड वाटणाऱ्यानं ती टीपच आधी वाचली तरी चालेल.