‘पुट ऑफ’ की ‘पोस्टपोन’? फ्रेझल व्हर्ब कुठे, एकशब्दी क्रियापद कुठे

‘पुट ऑफ’ हे फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’सारखा छोटा शब्द जोडून झालेलं क्रियापद; ‘पोस्टपोन’ एकशब्दी. अर्थ दोन्हींचा एकच, पुढे ढकलणं. बोलताना किंवा ओळखीच्या माणसाला मेसेज करताना ‘पुट ऑफ’, नोटिशीत किंवा अर्जात ‘पोस्टपोन’. पण एवढ्यावर भागत नाही. ‘पुट ऑफ’चा दुसरा अर्थ मन उडणं. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासानं इच्छाच गेली. तिथे ‘पोस्टपोन’ बसत नाही. ‘कॉल ऑफ’ तर वेगळंच, ते रद्द करणं. मॅच ‘पुट ऑफ’ झाली तर तिकीट जपून ठेवायचं, ‘कॉल ऑफ’ झाली तर पैसे परत मिळतात का ते बघायचं.

फ्रेझल व्हर्ब घेतलं की खरी गोची कर्माच्या जागेची. नाम असेल तर ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं. सर्वनाम मात्र मध्येच हवं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ साफ चूक. उलट ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’, ‘लुक इंटू’ यांची फोड होत नाही. ‘लुक आफ्टर हर’ असंच म्हणायचं. ‘पोस्टपोन’सारख्या एकशब्दीत ही भानगडच नाही, म्हणून घाईत आणि खात्री नसताना ते बरं.

‘फाइंड’ आणि ‘फाइंड आउट’मध्ये आपण हमखास फसतो, कारण मराठीत किल्लीही शोधून काढतात आणि कारणही. इंग्रजीत हरवलेली किल्ली ‘फाइंड’ करायची; ‘फाइंड आउट’ फक्त माहिती, कारण, सत्य यांसाठी.

‘अप’ बऱ्याचदा आपल्या ‘टाकणे’चं काम करतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवून टाक. पण म्हणून तो सगळीकडे चिकटवू नका: ‘कोप अप विथ’ चूक, ‘कोप विथ’ बरोबर. ‘गिव्ह अप’नंतरही सांभाळा: ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘टू स्मोक’ नाही.

एकशब्दी म्हणजे दरवेळी चांगलं, असंही नाही. पाहुण्याला ‘रिमूव्ह युअर शूज’ म्हटलं तर दारावरची पाटी वाचल्यासारखं वाटतं. ‘टेक ऑफ युअर शूज’ घरगुती. ‘वेक अप’ऐवजी रोजच्या बोलण्यात ‘अवेकन’ तर कुणी म्हणतच नाही.