पुळण, कडा, खाडी की बांधीव वाट: समुद्रकाठी चालायला कुठे जावं?

समुद्रकाठच्या गावात दोन दिवसांचा मुक्काम असला की मनासारखी लांब फेरी एखादीच होते. ती कुठे करायची? बहुतेक गावांत पर्याय साधारण चार असतात. गावाला लागून असलेली बांधीव वाट, वाळूची पुळण, बाजूच्या डोंगराच्या टोकावरून जाणारी कड्याची वाट आणि नदी समुद्राला मिळते तिथला खाडीकाठ. लोक फोटो पाहून यातली एक निवडतात आणि तिथेच चुकतात. फोटो एका क्षणाचा असतो, किनारा मात्र दर सहा तासांनी रूप पालटतो. म्हणून आधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी, मग ऊन आणि वारा, आणि सगळ्यात शेवटी देखावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला उघडी मिळालेली पुळण चार दिवसांनी सव्वादहाच्या पुढे मिळेल, तोवर ऊन डोक्यावर आलेलं असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच मागेही हटतं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा हा फरक कमी होतो. पुळण आणि खाडी या दोन वाटा पूर्णपणे या वेळापत्रकावर चालतात. कडा आणि बांधीव वाट यांचं तेवढं अडत नाही.

बांधीव वाटेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण तिला कमी लेखू नये. सोबत व्हीलचेअर असेल, बाबागाडी असेल, कुणाचे गुडघे दुखत असतील किंवा रात्री जेवणानंतर चालायचं असेल, तर दुसऱ्या पर्यायांचा विचारच करू नका. तिची खरी मजा भरतीच्या वेळी असते. लाट भिंतीवर आदळते, तिचा आवाज छातीत घुमतो. ओहोटीला मात्र इथे खाली उघडे दगडच दिसण्याची शक्यता जास्त, कारण भिंतीवरून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. उधाण आणि जोराचा वारा एकत्र आला असेल तर कठड्यापासून लांब राहा. तेव्हा लाटा वाटेवर येतात.

पुळण चौघींत सगळ्यात मोहक, आणि निराश करणारीही तीच. वाळू-वाळूत फरक असतो. कोरड्या, सैल वाळूतून चालायला कडक जमिनीच्या मानाने दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. पाऊल रुततं, मागे सरकतं, पोटऱ्या भरून येतात. त्याच पुळणीवर ओहोटीला ओल्या वाळूचा कडक पट्टा उघडा पडला की कितीही चाललं तरी दम लागत नाही.

तो पट्टा ओळखण्याची खूण पावलाशीच असते. पाऊल टाकलं की भोवतीची ओली वाळू क्षणभर फिकी पडते, कोरडी झाल्यासारखी दिसते, आणि पुन्हा काळसर होते. घट्ट बसलेले कण दाबाने एकमेकांवरून सरकतात, त्यांच्यामधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचा उलगडा केला होता. जिथे असं फिकं वर्तुळ उमटतं, तिथून चालावं. पाऊल खोल जाऊन खड्ड्यात पाणी भरत असेल तर थोडं वरच्या बाजूला सरकावं.

पुळण चालण्याजोगी आहे की नाही, हे लांबूनही कळतं. लाटा आतमध्ये दोन-तीन रांगांत फुटून पसरत येत असतील तर वाळू बारीक आणि उतार मंद असतो. अशी पुळण बिनधास्त निवडा. लाट अगदी काठाशी येऊन धाडकन आपटत असेल तर वाळू जाडी आणि काठ उभा असतो. तिथे बसायला छान, पण लांब चालायला नको. उतरत्या काठावर एकाच दिशेने चाललं की समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते. त्याच पट्ट्यावरून परत आलं तर दोन्ही बाजूंना सारखाच ताण पडतो, म्हणून पुळणीवर ‘जाताना वाळूतून, येताना रस्त्याने’ हा बेत मला पसंत नाही. अनवाणी चालायची सवय नसेल तर पहिल्याच दिवशी फार लांब जाऊ नका, टाचेमागची शीर दुखावते.

निघायचं कधी? ओहोटीच्या टोकाच्या दीड-दोन तास आधी निघावं आणि पाणी पार उतरलेलं असताना परत फिरावं. भरतीचं पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा येतो, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मा. म्हणजे परतीसाठी दोन तास निवांत मिळतात, त्यानंतर पट्टा झपाट्याने आक्रसतो. वाटेत एखादा ओढा समुद्राला मिळत असेल तर जास्त सांभाळा. जाताना घोट्याइतकं असलेलं पाणी उशीर केला तर मांडीपर्यंत येतं, आणि त्याला ओढही असते. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी चिंचोळी पुळण असेल, तर ओहोटीची वेळ नक्की माहीत असल्याशिवाय पाऊल टाकू नये.

कड्याच्या वाटेचं बक्षीस म्हणजे नजरेचा पल्ला. पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज फक्त साडेचार किलोमीटरवर असतं. ५० मीटर उंचीच्या कड्यावर तेच सुमारे २५ किलोमीटरवर जातं. पाण्याचे रंग, बुडालेले खडक, गाळाचे पट्टे खालून दिसत नाहीत, वरून स्वच्छ दिसतात. त्यासाठी सूर्य मात्र पाठीशी हवा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर निळा-हिरवा समुद्र पाहायला सकाळी जावं. संध्याकाळी सूर्य समोर येतो, पाणी चकाकतं आणि रंग नाहीसे होतात. सूर्यास्त हवा असेल तर संध्याकाळ ठीक, पण अंधारात कड्यावरून उतरणं मला मान्य नाही. सूर्यास्त पुळणीवरूनच पाहावा.

या वाटेवर अंतरापेक्षा चढ-उतार दमवतात, सावली नसते आणि दुपारचा समुद्री वारा तोंडावर मारतो. धोका कडेचा आहे. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, त्यामुळे वरची कडा खालून पोकळ असू शकते आणि वरून ते दिसत नाही. काठाला समांतर गेलेली भेग दिसली तर तिच्या पलीकडे जाऊ नका. जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस कडा टाळलेलाच बरा. इटलीतल्या चिंक्वे तेर्रेची प्रसिद्ध ‘व्हिया देल्ल’आमोरे’ ही जेमतेम एक किलोमीटरची वाट २०१२ मध्ये दरड कोसळून चार पर्यटक जखमी झाल्यावर बंद झाली, ती मोठ्या डागडुजीनंतर २०२४ मध्ये पुन्हा उघडली. म्हणून वाट बंद असल्याची पाटी दिसली तर वळसा घालून पुढे जायचा मोह मनापासून टाळा.

आता खाडीकाठ. याला कुणी विचारत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. लाटा नाहीत, वाळू नाही, ओहोटीला चिखलाचा वास येतो. हवा न पोचणाऱ्या गाळातल्या जिवाणूंमुळे तो येतो, घाण साचल्यामुळेच येतो असं नाही. पण चालता चालता थांबून पाहायला इथे जेवढं मिळतं तेवढं बाकी तिन्ही ठिकाणी मिळून मिळत नाही. चिखल्या पक्षी चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. शेजारीच लांब बाकदार चोचीचा पक्षी सबंध चोच चिखलात खुपसून खोलवरचे किडे काढतो. चोचीची लांबी वेगळी, म्हणून एकाच चिखलावर दोघांचंही भागतं. उष्ण प्रदेशातल्या खाडीत खारफुटीच्या मुळांशी निवट्या नावाचे मासे छातीच्या परांवर सरपटत चिखलावरून फिरतात. खाडीच्या मुखाजवळ रेताड भाग असेल तर बिळांभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. नखाएवढे खेकडे वाळू तोंडातून चाळून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकतात. पुढच्या भरतीला ती सगळी नक्षी पुसली जाते.

इथे वेळेचं गणित पुळणीच्या उलट आहे. पाणी पार उतरलेलं असताना पक्षी लांब, चिखलाच्या टोकाला असतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास सगळ्यात चांगले. समुद्रातली भरती खाडीत आत पोचायला थोडा उशीर लागतो, तोही धरा. बांधावरूनच चाला, चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसणारा गाळ मांडीपर्यंत ओढून घेतो. संध्याकाळी डास आणि चावऱ्या माश्या निघतात, तेव्हा अंगभर कपडे हवेत.

मग निवड कशी करायची? ओहोटी सकाळी असेल तर पुळण, भरती सकाळी असेल तर खाडी. दोन्ही वेळा गैरसोयीच्या असतील, हवा स्वच्छ असेल आणि पाय धडधाकट असतील तर कडा. लहान मुलं बरोबर असतील तर मी खाडीला झुकतं माप देईन. मुलांना क्षितिजात रस नसतो, खेकड्यात असतो. मोठ्या गटात वयं आणि दम वेगवेगळे असतील तर अशी वाट शोधा जिच्यात मधूनमधून बाहेर पडता येतं. सिडनीतली बाँडाय ते कूजी ही सुमारे ६ किलोमीटरची वाट यासाठी आदर्श आहे. कड्यांवरून जाताना ती मध्येच एकेका पुळणीवर उतरते, आणि ज्याला दमायला झालं तो तिथे थांबू शकतो.

राहिला वारा. दुपारी समुद्राकडून येणारा वारा बहुधा किनाऱ्याला तिरपा असतो, म्हणजे एका दिशेला तो तोंडावर आणि दुसऱ्या दिशेला पाठीवर. निघताना वाऱ्याच्या तोंडाकडे निघा, थकून परतताना तो पाठीशी हवा. थंड वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परत फेकते. त्यामुळे टोपी घातली तरी हनुवटी आणि गळा भाजतो, तिथेही सनस्क्रीन लावूनच निघा.