बेसमेंटमधले ड्रेनेज पंप आणि रॅम्पची जाळी: एका पूर्ण पावसाळ्यानंतर

पुण्यात आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी साठायचं. यंदा मे महिन्यात दीड एचपीचे दोन सबमर्सिबल ड्रेनेज पंप, फ्लोटवर (पाणी चढलं की वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तरंगता स्विच) चालणारं पॅनेल आणि रॅम्पवरचं बांधकाम असं सगळं एकदम करून घेतलं. दिवाळीही झाली, आता खात्रीने लिहिता येईल.

सगळ्यात जास्त गुण आला तो रॅम्पच्या कामाचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा उघडा रॅम्प १०० चौरस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तासाभरात ५० मिमी कोसळला की नुसत्या रॅम्पवरून ५,००० लिटर खाली येणार. त्यात रस्त्याचं पाणी आत वळलं तर बघायलाच नको. म्हणून वरच्या तोंडाशी काँक्रीटचा उंचवटा घातला, गाडीचं पोट घासणार नाही इतका पसरट, आणि पायथ्याशी पूर्ण रुंदीचं आडवं गटार काढून त्यावर जाळी बसवली. गटारातलं पाणी थेट पंपाच्या खड्ड्यात जातं, पार्किंगभर पसरत नाही. जाळी उचलता येईल अशीच घ्या. पहिल्या सरींनंतर आमच्या गटारात बोटभर गाळ आणि गुलमोहराचा पाला बसला होता.

पंप घेताना पाटीवरच्या लिटरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. तो जवळजवळ शून्य उंचीचा असतो. खड्ड्याच्या तळापासून पाईप बाहेर पडतो तिथपर्यंतची उंची मोजा, पाईपच्या वळणांमध्ये वाया जाणारा जोरही धरा आणि त्या उंचीला पंप किती पाणी देतो याचा तक्ता विक्रेत्याकडून मागून घ्या. पाईपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप थांबला की पाईपमधलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप पुन्हा सुरू होतो. पाईप पावसाळी गटाराला जोडा, मैलापाण्याच्या चेंबरला नको.

आमचे पंप पाळीपाळीने चालतात आणि पाणी फार चढलं तर दोन्ही लागतात. जुलैत एकदा दुधाची रिकामी पिशवी फ्लोटला गुंडाळली आणि पंप सुरूच झाला नाही. त्याच्या वर भोंग्यासाठी वेगळा फ्लोट होता, म्हणून वॉचमनला वेळेत कळलं. तो भोंगा बॅटरीवर आहे. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण गुण देईन.

विजेच्या बाबतीत मात्र अजिबात काटकसर करू नये. पॅनेल तळमजल्यावर घेतलं आहे. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतो, पण बेसमेंटचे दिवे, गाड्यांचं चार्जिंग आणि पंप एकाच आरसीसीबीवर असतील तर एका ओल्या दिव्यामुळे तो पडतो आणि ऐन पावसात पंपही बंद होतो. वायरमनने आम्हाला तिन्ही वेगळे करून दिले. वीज गेली तर पंप जनरेटरवर जातात. जनरेटरही वरच आहे.

आणि नियम केला आहे: भोंगा वाजला की गाडी काढायला कोणीही खाली उतरायचं नाही, आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमधल्या कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. अर्धा मीटर पाणी ९० सेंटिमीटर रुंद दाराला एका बाजूने सुमारे ११० किलोच्या जोराने दाबून धरतं. धडधाकट माणसालाही ते उघडत नाही. गाडीचा विमा असतो हो, जिवाचं काय!

भिंतींचा पाझर मात्र पंपाने थांबलेला नाही. इथला काळा खडक भेगांमधून पाणी सोडत राहतो, त्यामुळे पाऊस उघडल्यावरही पंप अधूनमधून चालूच होता. ते पाणी भिंतीलगतच्या नालीतून खड्ड्यात घेतलंय, म्हणून फरशी कोरडी आहे. नुसता आतून वॉटरप्रूफिंगचा लेप देऊन भागेल असं सांगणाऱ्या ठेकेदारावर मी विश्वास ठेवणार नाही; बाहेरून दाब असेल तर पाणी शेजारच्या भेगेतून वाट काढतं.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा फ्लोट हाताने उचलून पाहतो, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबतो. सर्व्हिसिंगला पंपाच्या ऑइल चेंबरमधलं तेल बघायला सांगा. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरतंय. आमच्या एका पंपाचं तेल किंचित गढूळ निघालं, त्याचं सील पुढच्या पावसाळ्याआधी बदलून घेतोय.