बर्फावर पाय ठेवण्याआधी: ‘सिकू’ ॲप, दोन हिवाळे वापरल्यावर

मी मूळची हर्णैची, कोळ्याच्या घरातली. गेले दोन हिवाळे कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात आरोग्य केंद्रात कंत्राटी नर्स आहे. गाव पॉन्ड इन्लेट, बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाला, वस्ती दीड हजाराच्या आसपास. ऑक्टोबरात समोरचा समुद्र गोठायला लागतो तो जुलैत मोकळा होतो. तोवर समुद्र हाच हमरस्ता. शिकार, मासेमारी, समोरच्या बायलॉट बेटाकडे जाणं, सगळं बर्फावरून. त्या रस्त्याची खबर देणारं ॲप म्हणजे ‘सिकू’. इथले मूळ रहिवासी इनुइट, त्यांच्या भाषेत सिकू म्हणजे समुद्रावरचा बर्फ.

हे बनवलंय आर्क्टिक आयडर सोसायटीने. तीही हडसन उपसागरातल्या सानिकिलुआक या इनुइट गावची संस्था. २०१९ मध्ये ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि फुकट आहे. उपग्रहाची चित्रं, भरती-ओहोटी, हवामान हे सगळं एका नकाशावर दिसतं, आणि त्याच नकाशावर बर्फावर फिरून आलेली माणसं आपल्या खुणा टाकतात. इथे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपत येईपर्यंत सूर्य उगवतच नाही. त्या दिवसांत साध्या उपग्रह-फोटोत अंधारच असतो, पण रडारवाल्या ‘सेंटिनेल-१’ उपग्रहाला अंधार आणि ढग आड येत नाहीत. बर्फाची कड कुठवर आली ते तेव्हा त्याच्यावरूनच कळतं.

मी या ॲपवर का विश्वास ठेवते, ते मार्चमधल्या एका रविवारी कळलं. आमच्या केंद्रातल्या दुभाषी बाईंच्या वडिलांबरोबर आम्ही स्नोमोबाइलवरून पूर्वेकडे निघालो होतो. पांढऱ्याशुभ्र सपाटीत त्यांनी एकाएकी गाडी थांबवली. मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. ते उतरले, हातातला उनाक, म्हणजे लांब दांड्याचा भाला, समोरच्या बर्फावर एकदा मारला. टोक आत गेलं आणि कडेने राखाडी, ओलसर पाणी वर आलं. दोन पावलं मागे येऊन पुन्हा मारला, तेव्हा ठण्ण आवाज झाला. वरच्या बर्फाच्या चादरीखाली प्रवाहाने ती जागा खाऊन टाकली होती. आजोबांनी अंगरख्याच्या आतून फोन काढला (बाहेर ठेवला तर थंडीने बॅटरी पाच मिनिटांत मान टाकते), फोटो घेतला, ॲपमधल्या यादीतून त्या बर्फाचा त्यांच्या बोलीतला शब्द निवडला आणि धोक्याची खूण टाकली. तिथे रेंज कुठली असणार! नोंद फोनमध्येच राहिली आणि घरी पोहोचल्यावर वर चढली.

तो शब्द निवडता येणं ही माझ्या मते या ॲपची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. किनाऱ्याला धरून बसलेला बर्फ तो तुवाक, त्याची समुद्राकडची कड ती सिनाक, नुकता धरलेला कोवळा बर्फ तो सिकुलिआक. नुसतं ‘बर्फ, जाडी इतकी’ असं लिहून यातलं काही कळत नाही. माझे बाबा पाणी बघून आज भांग (कमी जोराची भरती) आहे की उधाण ते सांगतात, त्याला कोणी ‘पाणी, उंची अमुक मीटर’ म्हटलं तर अर्धी गोष्ट हरवते. इथेही पुनव-अवसेला प्रवाहाला जोर येतो, भेगा रुंदावतात, आणि आजोबा त्या दिवसांत सिनाककडे जरा जपूनच जातात. ॲपमधला भरतीचा तक्ता मी त्याच नजरेने वाचते.

दुसरी गोष्ट, नोंद ज्याची त्याची राहते. कोणाला दाखवायची, जागा किती नेमकी दाखवायची, ते टाकणारा ठरवतो. शिकारीच्या जागा उघड्यावर पडू नयेत म्हणून हे फार जरुरीचं आहे, आणि त्यामुळेच लोक मनापासून नोंदी टाकतात.

‘स्मार्टआइस’ या उपक्रमाची मापंही इथेच दिसतात. २००९-१० च्या हिवाळ्यात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर लॅब्राडोरकडे बर्फ नीट धरलाच नाही, लोकांचे हाल झाले, त्यातून हे काम उभं राहिलं. स्नोमोबाइलमागे कामुतिक, म्हणजे लाकडी घसरगाडी, आणि तिच्यावर जाडी मोजणारं यंत्र. गावातलाच एक मुलगा ते ओढत नेहमीच्या वाटांवरून फिरतो. शिवाय बर्फात रोवलेली नळी असते. हवा, वर पडलेल्या हिमाचा भुसभुशीत थर, बर्फ आणि पाणी यांचं तापमान ती ओळीने मोजते आणि उपग्रहावरून धाडते. वर भुसभुशीत थर जाड असला की तो गोधडीसारखं काम करतो आणि खालचा बर्फ सावकाश वाढतो, हे मी त्या आकड्यांवरून शिकले.

आता उणं काय ते. खुणा तिथेच दाट आहेत जिथे माणसं जातात. नकाशावर कोरी जागा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे, आणि नव्याने आलेल्या माणसाचा नेमका तिथेच घात होऊ शकतो. हे ॲपमध्ये अजून ठळक दिसायला हवं. खुणेवरची तारीख बघितल्याशिवाय खूण वाचू नये. मे-जूनमध्ये चार दिवसांपूर्वीचा बर्फ म्हणजे दुसराच बर्फ. इंटरनेट इथे उपग्रहावरचं. फोटो चढायला कधी कधी रात्र जाते, पण तो दोष माझ्या घरच्या जोडणीचा. पूर्वी मी एक प्रसिद्ध हवामानाचं ॲप वापरायचे. त्यात ‘अंशतः ढगाळ’ दिसत असताना मी हिमवादळात केंद्रातच दोन दिवस अडकले होते. ते मी काढून टाकलं.

पाचपैकी साडेचार तारे. नकाशा गावात असतानाच उतरवून घ्या, फोन अंगाशी ठेवा, आणि ॲप काहीही सांगत असलं तरी ज्यांच्या हातात उनाक आहे त्यांच्या मागूनच चला. आजोबा स्वतःची खूण टाकलेल्या जागीही पुढच्या खेपेला उतरून पुन्हा भाला मारून बघतात.