अपंगत्व पेन्शनचा चालू अर्ज मागे घ्यायला लावणारे दलाल

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने ‘रक्तदाब, ३० टक्के, आयुष्यभर’ लिहिलं आणि पुढे ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारला, की अपंगत्व पेन्शन अडते. मग पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरण. धरमवीर सिंग प्रकरणातल्या २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, भरतीवेळी तंदुरुस्त असलेल्या जवानाची बाजू भक्कम केली. दलालांनाही गिऱ्हाईक तिथूनच मिळतं.

अर्ज न्यायाधिकरणात पडून असतो आणि ‘आपलाच माणूस’ म्हणून कुणी दारात उभा राहतो. “जुना अर्ज चुकलाय, मागे घ्या. नव्याने टाकतो, ३० चे ५० टक्के करून देतो.” वकीलपत्र, पुरसिस (म्हणजे अर्ज मागे घेत असल्याचं लेखी निवेदन) आणि एक कोरा कागद, सगळ्यांवर एकाच बैठकीत सह्या. खरं तर ३० चे ५० चालू अर्जातच दुरुस्ती करून मागता येतात. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरायचा हक्क मान्य करणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या राम अवतार निकालाचा त्याला आधार आहे.

त्या पुरसिसमध्ये ‘नव्याने अर्ज करण्याची मुभा ठेवून’ हे शब्द नसतात. मग ‘पहिला अर्ज मुभा न घेता मागे घेतलाय, दुसरा चालणार नाही’ हा सरकारी वकिलाचा पहिला आक्षेप ठरलेला. मुभा मिळाली तरी पैसा जातो तो जातोच, कारण उशिराच्या अर्जात थकबाकी साधारणपणे दाखल तारखेच्या मागची ३ वर्षंच मिळते. अखेरचं वेतन ५०,००० धरा. १०० टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे ५० टक्क्यांना महिना ७,५००, महागाई वेगळी. अर्जाची तारीख २०२२ ची २०२५ झाली, की २,७०,००० बुडाले.

दलाल थकबाकीतला वाटा स्टँपपेपरवर लिहून घेतो. पेन्शन कायदा, १८७१ च्या कलम १२ नुसार येणाऱ्या पेन्शनवर आधीच हक्क लिहून देणं रद्दबातल आहे, आणि वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. पण सोबत घेतलेला कोरा चेक कायदा वाचत बसत नाही. ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपीही त्याला देऊ नका.

सही झालीच असेल, तर न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर अर्जाच्या क्रमांकाने स्थिती बघा. आदेश झाला नसेल, तर ‘अर्ज मागे घ्यायचा नाही’ असं प्रतिज्ञापत्र लगेच दाखल करा. झाला असेल, तर प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत पुनर्विलोकन अर्ज टाका. कागद नीट वाचून घ्यायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, डिस्चार्ज बुक आणि बोर्डाची प्रत बरोबर ठेवा.