पाठकुळीचं कॅरियर: वजनाचा आकडा सोडा, बैठक मोजा

दोन-अडीच वर्षांच्या, बारा-चौदा किलोच्या मुलासाठी कॅरियर, म्हणजे मूल पाठीवर बांधून न्यायची कापडी झोळी, घेताना बहुतेकांची नजर आधी खोक्यावरच्या वजनाच्या आकड्यावर जाते. एर्गोबेबीच्या नेहमीच्या मॉडेलवर २० किलोपर्यंत लिहिलेलं असतं, टूला टॉडलरवर ११ ते २७, लिलीबेबी कॅरीऑनवर ९ ते २७. हा आकडा शिवण आणि बकलं किती भार पेलतील तेवढंच सांगतो. पाठीवरचं मूल अर्ध्या तासाने कुरकुरेल का आणि आपले खांदे भरून येतील का, हे ठरतं कापडाच्या रुंदीवरून. तान्ह्या बाळासाठी आणलेलं कॅरियर चौदा किलोला फाटत नाही, पण सुखाचंही राहत नाही.

मुलाला बुटक्या स्टुलावर पाय फाकवून बसवा. एका गुडघ्यामागच्या लवणीपासून ढुंगणाखालून दुसऱ्या लवणीपर्यंत टेप धरा. जो आकडा येईल, तेवढी किंवा त्याहून दोन-तीन सेंटीमीटर कमी रुंदी कॅरियरच्या बैठकीला, म्हणजे मूल ज्यावर बसतं त्या कापडाला, हवी. साध्या कॅरियरची बैठक साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर असते, टॉडलर म्हणजे चालत्या मुलाच्या मापाची ४५च्या आसपास आणि त्याहून मोठ्या, प्रीस्कूल मापाची ५०च्या घरात. अरुंद बैठकीत मांड्या अधांतरी लोंबतात, कापडाची कड मांडीच्या आतल्या बाजूला काचते आणि उतरवल्यावर तिथे लाल वळ दिसतो. मूल चुळबुळ करतंय, पायाला मुंग्या आल्या म्हणतंय, तर आधी हा वळ शोधा. उलट बैठक लवणीच्या पुढे गेली तर गुडघा वाकत नाही आणि पाय काठीसारखे ताठ राहतात. वाढीला लागेल म्हणून दोन मापं मोठं घेणाऱ्यांचं हेच होतं. उंचीचं गणित सोपं आहे: हात बाहेर ठेवायचे असतील तर कापड काखेपर्यंत आलंच पाहिजे. त्याखाली राहिलं तर मूल मागे रेलतं आणि सगळा तोल जातो.

आता पट्टे. पाठीवर घेताना कंबरपट्टा खुब्यावर न बांधता बेंबीच्या थोडा वर, खऱ्या कमरेला बांधा. त्यामुळे मूल वर चढतं, त्याला आपल्या खांद्यावरून समोरचं दिसतं आणि भार पाठीला चिकटून राहतो. खाली बांधलेल्या पट्ट्यात मूल ढुंगणाशी लोंबतं, आपण नकळत पुढे वाकून चालतो आणि कमरेत कळ येते. खांदे दुखत असतील तर दोष बहुतेक वेळा खांद्याच्या पट्ट्यांचा नसतो; कंबरपट्टा सैल राहिलेला असतो आणि त्याने उचलायचा भार खांद्यांवर आलेला असतो. म्हणून क्रम असा: आधी कंबर घट्ट, मग मूल, मग खांद्याचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढायचे, छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. तो काखेच्या रेषेत हवा. गळ्याकडे सरकला तर मानेला काचतो, फार खाली गेला तर खांद्याचे पट्टे बाहेर घसरतात. बारीक अंगाच्या माणसाने खांद्याची गादी किती लांब आहे तेही बघावं. गादी काखेखाली आली की पट्टा आणखी आवळायला जागाच उरत नाही, कितीही ओढा. कंबरेच्या बकलाजवळ इलॅस्टिकचा एक फास असतो. बकल लावण्याआधी ते त्यातून ओवायचं, म्हणजे चुकून सुटलं तरी पट्टा लगेच निसटत नाही. घाईत हाच फास सगळे विसरतात.

पाठीवर चढवायला मोठं मूल उलट सोपं. कंबरपट्टा बांधून कापड मागे लोंबतं सोडा. मुलाला सोफ्यावर उभं करा, पाठ त्याच्याकडे करून गुडघ्यांत वाका, ते गळ्याला मिठी मारून चिकटलं की कापड त्याच्या पाठीवर ओढून घ्या आणि एकेका हातात पट्टा घाला. मग दोन्ही हातांनी कापडाची खालची कड त्याच्या लवणीपर्यंत सरकवा आणि जागेवर एक हलकी उडी मारा, म्हणजे ढुंगण खोल बसतं. गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर दिसले की बैठक जमली. पहिले चार-पाच दिवस पलंगाशेजारी, मागे दुसरं माणूस उभं असतानाच करावं.

दहा पावलं चालून पुन्हा पाठकुळीला येणारं, सारखं चढ-उतार करणारं मूल असेल तर ओन्बुहिमो बघाच. या जपानी पद्धतीच्या कॅरियरला कंबरपट्टा नसतो, घडी करून पिशवीत मावतं आणि पाठपिशवीसारखं चढवता येतं. किंमत मात्र खांदे मोजतात: सगळं वजन त्यांच्यावर, त्यामुळे वीस मिनिटांच्या वर नको. लांब चालायचं असेल तर बकलवालं टॉडलर मापाचंच घ्यावं, त्यात आम्हाला शंका नाही. बांधायच्या लांब पट्ट्यांचं मेई दाई कुणाच्याही अंगाला बसतं, पण बाहेर बांधताना पट्टे जमिनीवर लोळतात.

धातूच्या फ्रेमची कॅरियर डोंगरवाटेसाठी ठीक, बाजारहाटासाठी नाही. ऑस्प्रे पोकोची मर्यादा २२ किलो आहे, आणि त्यात मूल, सामान आणि खुद्द कॅरियर असं सगळं धरलेलं आहे. कॅरियरचेच साडेतीन किलोच्या आसपास जातात. मूल चौदा किलोचं असेल तर पाणी, कपडे, खाऊ मिळून साडेचार किलो उरले. शिवाय बसलेल्या मुलाचं डोकं आपल्या डोक्याच्या वर जातं, तेव्हा बुटक्या दारातून जाताना गुडघ्यात वाकायचं. खालची घडीची टेकणी मूल चढवण्यापुरती आहे. तिच्यावर मुलाला एकटं सोडलं तर ते हललं की सगळं उलटतं.

कापडात जाड कॅनव्हास टिकाऊ, पण उकाड्यात जाळीचं बरं. दोन अंगांची ऊब एकत्र होते, म्हणून मुलाला नेहमीपेक्षा एक कपडा कमी घाला. वापरलेलं घेत असाल तर खांद्याचा पट्टा कापडाला जिथे शिवलाय तिथे चौकोनात फुलीचे टाके असतात. ते जोरात ओढून बघा. एक दोरा जरी उसवलेला दिसला किंवा बकलावर केसाएवढी चीर असली, तरी परत ठेवा.